घरात मांजर किंवा कुत्रा, आणि नाकाला अ‍ॅलर्जी: सुरुवात कुठून करावी

प्राणी घरात येऊन महिना-दोन महिने होतात, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, डोळे चोळून चोळून लाल होतात. मग घरातली ज्येष्ठ मंडळी एकच तोडगा सांगतात: “आधी ते जनावर बाहेर काढ.” प्राणी पाळणारे मित्र म्हणतात, “काही नाही रे, सवय होईल.” दोन्ही सल्ले घाईचे आहेत. सौम्य किंवा मध्यम अ‍ॅलर्जी असलेली बरीच माणसं मांजरा-कुत्र्यासोबत नीट राहू शकतात. मात्र त्यासाठी कामं ठरावीक क्रमाने करावी लागतात, आणि नेमका हा क्रमच बहुतेक घरांत उलटा असतो. आधी महागडा एअर प्युरिफायर येतो, मग मांजराला अंघोळी सुरू होतात, मग मेडिकलमधून गोळ्या, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. तोवर पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात.

केस नव्हे, लाळ आणि कोंडा

क्रम समजण्याआधी त्रास नेमका कशाचा होतो ते माहीत हवं. मांजराची अ‍ॅलर्जी मुख्यतः ‘फेल डी १’ नावाच्या प्रथिनामुळे होते. हे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटत बसतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे कण त्वचेच्या कोंड्याबरोबर हवेत उडतात. त्यातले बारीक कण तासन्‌तास तरंगत राहतात. शिवाय ते चिवट असतात. गादी, सोफा, पडदे, लोकरीचे कपडे यांना चिकटून बसतात आणि आपल्या अंगावरून ऑफिसात, शाळेतही जातात. कुत्र्यांच्या लाळेत आणि कोंड्यात ‘कॅन एफ १’ आणि तशीच आणखी काही प्रथिनं असतात.

यावरून दोन गोष्टी लगेच स्पष्ट होतात. एक, प्राण्याचे केस बारीक कापून अ‍ॅलर्जी जात नाही. दोन, ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (अ‍ॅलर्जी कमी करणाऱ्या) म्हणून दुप्पट-तिप्पट दराने विकल्या जाणाऱ्या पूडल किंवा लॅब्राडूडलसारख्या जातींवर विश्वास ठेवून पैसे घालू नका. अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या पाहण्यांत या जातींच्या घरांत किंवा केसांत अ‍ॅलर्जीचं प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी सापडलं नाही. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत फरक असतो, एकाच वेतातल्या दोन मांजरांतही असतो. जातीवरून अंदाज बांधता येत नाही, त्या विशिष्ट प्राण्याजवळ राहूनच कळतं.

पहिली पायरी: दोष खरंच प्राण्याचा आहे का?

आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण नाक चोंदवणाऱ्या गोष्टींची इथे कमी नाही. गादीतल्या धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) तर घरोघरी आहेत. हवेत दमटपणा पन्नास टक्क्यांच्या वर राहिला की ते फोफावतात, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो ऐंशीच्याही वर जातो. भिंतीला ओल आली की बुरशी. ओट्याखाली झुरळं, त्यांचीही अ‍ॅलर्जी होते. पुण्याकडे आणि देशावर गाजर गवत: मोकळ्या प्लॉटमधून फिरून आलेला कुत्रा त्याचे परागकण अंगावर घेऊन घरात शिरतो आणि शिंका आल्या की नाव कुत्र्याचं होतं.

कबुतरांचं प्रकरण आणखी वेगळं. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत केवढा वाद झाला ते आठवत असेल. डक्टमध्ये किंवा एसीच्या आऊटडोअर युनिटखाली कबुतरांनी संसार थाटला असेल, तर त्यांच्या विष्ठेतून आणि पिसांतून होणारा फुप्फुसाचा आजार शिंकांपुरता थांबत नाही. कोरडा खोकला हटत नाही, जिना चढताना धाप लागते, कधी बारीक ताप असतो. अशी लक्षणं असतील तर मांजराकडे बोट दाखवत वेळ घालवू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

त्वचेच्या खाजेबाबतही असाच गोंधळ होतो. घोट्यांवर ओळीने बारीक लाल पुरळ असेल तर बहुधा पिसवा चावल्या आहेत. हातावर किंवा गळ्यावर कडा लाल असलेलं गोल चट्टं उठलं असेल तर ते गजकर्ण असू शकतं, जे रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाकडून सहज लागतं. त्यावर मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्णाची बुरशी पसरत जाते. माणूस त्वचेच्या डॉक्टरांकडे आणि पिल्लू पशुवैद्याकडे, दोघांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत.

म्हणून दोन-तीन आठवडे वहीत रोज दोन ओळी लिहा: त्रास कधी झाला, कुठल्या खोलीत, आधी काय केलं. मांजर मांडीवर घेतल्यावर पंधरा मिनिटांत डोळे खाजतात का? गावाला गेल्यावर कमी होतं का? पहाटेच सगळ्यात जास्त होतं का? तसं असेल तर गादीतल्या माइट्सचा संशय आधी घ्या. ही वही घेऊन कान-नाक-घशाच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलात की त्यांचं काम निम्मं होतं. ते बहुधा त्वचेवर टोचून करायची प्रिक टेस्ट किंवा रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या अँटीबॉडीची) तपासणी सांगतील. प्रिक टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल चुकीचा येतो. कुठली गोळी किती दिवस बंद करायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे त्रास त्याचाच, असंही नाही. शरीर त्या गोष्टीला ओळखतं एवढंच ती सांगते. टेस्ट आणि वही एकमेकांशी जुळली की निदान पक्कं होतं.

दमा असेल तर

इथे थांबून हे नीट वाचा. प्राण्याजवळ गेल्यावर छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, लगेच आराम देणारा पंप आठवड्यातून तीन-चारदा लागत असेल, तर पुढच्या घरगुती उपायांवर भागवू नका. आधी दमा आटोक्यात आणा. एखाद्याला याआधी दम्याच्या अटॅकसाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असेल आणि तपासणीत मांजराची अ‍ॅलर्जी स्पष्ट दिसत असेल, तर त्या घरात नवीन मांजर आणू नये असंच मी म्हणेन. लहान मुलांबाबत तर जास्तच काटेकोर राहा. मुलं मांजर दुरावेल या भीतीने त्रास लपवतात.

दुसरी पायरी: झोपायची खोली

एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. आपण दिवसाचे सात-आठ तास एकाच गादीवर, तोंड उशीत खुपसून काढतो. तेवढे तास नाकाला विश्रांती मिळाली, तर उरलेल्या दिवसभरात हॉलमध्ये मांजर शेजारी बसलं तरी बऱ्याच जणांना सोसतं. घर अ‍ॅलर्जीमुक्त करायचं नाही, ते शक्यही नाही. तुमचं शरीर ज्या पातळीला कुरकुर करतं, तिच्या खाली राहायचं आहे.

ही खोली प्राण्यासाठी कायमची बंद. ‘फक्त दुपारी’, ‘फक्त पायथ्याशी’ असं चालत नाही, कारण कण गादीत साठतात. जो दिवस ठरवाल त्या दिवशी चादरी, अभ्रे, पांघरुणं, पडदे सगळं धुवायला काढा. मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर साठ अंशांवर धुवा. त्यात माइट्सही मरतात. पुढे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला. गादी-उशीला चेन असलेली, घट्ट विणीची अ‍ॅलर्जीरोधक खोळ घाला. साधी रेक्झिनची खोळही कण अडवते, पण आपल्या उकाड्यात तिच्यावर झोप लागत नाही. कापसाची गादी असेल तर कडक उन्हात वाळवा, पण झटकायचं आणि काठीने बडवायचं काम अ‍ॅलर्जी नसलेल्याने, गच्चीवर करायचं. जुनी गादी पिंजायला टाकणार असाल तर घराच्या पॅसेजमध्ये पिंजारी बसवू नका.

मांजराला दारापासून तोडणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. पहिले काही दिवस ते दाराशी ओरडेल, दार ओरबाडेल, पहाटे चार वाजता जास्तच. त्या वेळी एकदा जरी दार उघडलंत, तरी ओरडलं की दार उघडतं हे ते शिकतं. त्यापेक्षा झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं त्याच्याशी दोरी किंवा चेंडूने चांगलं दमेपर्यंत खेळा आणि मगच रात्रीचं खाणं द्या. शिकार, जेवण, झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. हॉलमध्ये खिडकीजवळ उंचावर त्याची स्वतःची जागा करा, तिथे तुमचा जुना, अंगाचा वास असलेला टी-शर्ट अंथरा. कुत्र्याचा बिछाना दाराबाहेर लगेच ठेवला की तो लवकर रुळतो.

आता, वन आरकेमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? वेगळी खोलीच नसते. मग खोलीऐवजी बिछाना सांभाळायचा. उठल्याबरोबर गादीवर मोठी जाड चादर चारही बाजूंनी खोचून टाका, मांजर दिवसभर तिच्यावर लोळलं तरी चालेल. रात्री ती चादर आतल्या बाजूने गुंडाळत काढा, झटकू नका, थेट धुण्याच्या बादलीत. उशा दिवसा कपाटात बंद. ओढून बंद करता येणारी मच्छरदाणी असेल तर प्राणी बिछान्यात शिरत नाही. बारीक कण ती अडवत नाही, पण प्रत्यक्ष मांजर उशीवर नसणं हाच मोठा फरक आहे.

तिसरी पायरी: हात, तोंड, कपडे

सोपं आहे आणि फुकट आहे. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवेपर्यंत डोळ्यांना हात लावायचा नाही. डोळ्यांचा बराचसा त्रास बोटांमुळेच होतो. मांजराला तोंडाला तोंड लावू देऊ नका, कुत्र्याला चेहरा चाटू देऊ नका. चाटलेल्या जागी पित्तासारख्या गांधी उठत असतील तर तीही अ‍ॅलर्जीच आहे. खेळण्याचे कपडे वेगळे ठेवा आणि ते घालून अंथरुणात शिरू नका. रात्री झोपण्याआधी अंघोळ, निदान चेहरा-मान धुणं. केस लांब असतील तर बांधून झोपा.

चौथी पायरी: केर, फरशी, पंखा, हवा

इथे आपल्या घरांची एक जमेची बाजू आहे. गालिचे अंथरलेल्या परदेशी घरांत कण वर्षानुवर्षं अडकून राहतात. आपल्याकडे शहाबादी असो की टाइल्स, फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. हॉलमध्ये हौसेने टाकलेला गालिचा मात्र काढा. कापडी सोफ्यावर धुता येणारी खोळ घाला, किंवा पुढच्या खरेदीत वेताचा किंवा लाकडी सोफा घ्या.

कोरड्या फुलझाडूने केर काढला की खाली बसलेलं सगळं पुन्हा नाकाच्या उंचीवर येतं. आधी वरचं, मग खालचं: पंख्याची पाती ओल्या फडक्याने (पात्यांच्या वरच्या बाजूला धुळीचा केवढा थर असतो ते एकदा स्टुलावर चढून बघा), मग कपाटाचा माथा, खिडकीच्या जाळ्या, आणि शेवटी फरशी. फरशीवरचे केस आधी ओलसर मॉपने गोळा करा, मग पोछा. कामाच्या मावशी येत असतील तर त्यांना कारण समजावून सांगा, मॉप हाताशी द्या आणि त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा. व्हॅक्यूम क्लीनर घेणार असाल तर हेपा फिल्टरवालाच. साधा क्लीनर बारीक कण मागून परत हवेत सोडतो.

एअर प्युरिफायर उपयोगी आहे, पण त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा नको. खऱ्या हेपा फिल्टरमध्ये ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडकतात. मात्र तो हवेतलं तेवढं शोषतो, गादीत आणि सोफ्यात बसलेल्याला हात लावत नाही. म्हणून तो चौथ्या पायरीवर आहे. घ्यायचा तर झोपायच्या खोलीच्या क्षेत्रफळाला पुरेल असा घ्या, दार बंद करून चालवा, फिल्टर वेळेवर बदला. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, दमेकऱ्याला ती त्रासदायक ठरतात. एसीची जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. बाहेर धूळ आणि पराग कमी असतील त्या वेळी खिडक्या उघडून घर मोकळं होऊ द्या.

पाचवी पायरी: प्राण्याची निगा

रोजचं विंचरणं बाल्कनीत, आणि अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने करायचं. विंचरून झालं की ओलसर फडक्याने अंग पुसून घ्यायचं. फिरून आलेल्या कुत्र्याचे पाय, पोट आणि छाती दारातच पुसा, गाजर गवताच्या हंगामात तर न चुकता.

अंघोळीबद्दल स्पष्ट सांगतो. कुत्र्याच्या अंगावरचं प्रथिन अंघोळीने कमी होतं, पण टिकत नाही. कमीच ठेवायचं तर आठवड्यातून दोनदा धुवावं लागतं. इतक्यांदा धुऊन कातडी कोरडी पडते, खाज सुटते आणि कोंडा उलट वाढतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने सौम्य शांपू आणि झेपेल तितकंच ठेवा. मांजराला मात्र अंघोळीचा छळ करू नका, आठवड्याच्या आत प्रमाण पूर्वपदावर येतं.

नसबंदी न झालेल्या बोक्यात ‘फेल डी १’ जास्त असतं, नसबंदीनंतर ते घटतं. नर कुत्र्यातलं ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन तर प्रोस्टेट ग्रंथीतच तयार होतं. नसबंदी तशीही करायची असतेच, हे आणखी एक कारण. मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली बेंटोनाइटची माती फार धूळ उडवत असेल तर मातीऐवजी लाकडाच्या गोळ्या भरून बघा. ट्रे साफ करणाऱ्याने मास्क लावावा. अमेरिकेत २०२० मध्ये मांजराच्या लाळेतलं हे प्रथिन निष्क्रिय करणारं कोरडं खाद्य बाजारात आलं. अंड्यातल्या प्रतिपिंडांवर (अँटीबॉडीजवर) ते चालतं, आणि कंपनीच्या आकड्यांनुसार तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटतं. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते सहज मिळेल, पण बाकीच्या पायऱ्या त्याने सुटत नाहीत.

सहावी पायरी: औषधं

डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला तर ‘स्टेरॉइड’ या शब्दाने घाबरू नका. नाकापुरतं, फार थोडं औषध असतं ते. पण ते गोळीसारखं तासाभरात काम करत नाही, रोज मारावं लागतं आणि पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. बरेच जण चौथ्या दिवशी “काही उपयोग नाही” म्हणून सोडून देतात. मारायची पद्धतही शिकून घ्या: डोकं किंचित पुढे झुकवा, डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात धरा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारू नका, रक्त येतं. जोरात ओढून घेऊ नका, औषध घशात जातं.

चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांपैकी काहींनी सुस्ती येते. दुचाकी चालवत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. ‘दम्यावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तोंडातही घालू नका, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. जलनेती किंवा सलाइनने नाक धुणं चांगलं, कण वाहून जातात. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं थेट नाही.

एवढं करूनही भागत नसेल, तर इम्युनोथेरपीबद्दल विचारा. अ‍ॅलर्जी असलेल्या पदार्थाचे वाढते डोस इंजेक्शनने किंवा जिभेखाली देऊन शरीराला ते सोसायला शिकवतात. कोर्स तीन ते पाच वर्षांचा असतो आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही. इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

अजून प्राणी आणला नसेल तर

तुमचं काम सोपं आहे. जो प्राणी आणायचा त्याच्याच सहवासात वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन तास काढा, जमलं तर काही आठवडे तात्पुरता सांभाळायला घ्या. घरातल्या प्रत्येकाने हे करायचं, आजीपासून नातवापर्यंत. वसतिगृहात असलेल्या मुलालाही विचारा. लहानपणापासून मांजरासोबत वाढलेली मुलं काही महिने बाहेर राहून दिवाळीला घरी आली की अचानक शिंकायला लागतात, असं दिसतं. रोजच्या सहवासाने आलेली सहनशीलता मध्ये खंड पडला की उतरते.

आणि जमलंच नाही तर

सगळ्या पायऱ्या नेटाने करून, औषधं नीट घेऊन दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा दमा वाढत चालला, तर प्राण्यासाठी दुसरं घर शोधणं हा योग्य निर्णय आहे. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण गाडीत घालून मंडईजवळ किंवा गावाबाहेर सोडणं म्हणजे दुसरं घर शोधणं नव्हे. घरात वाढलेलं मांजर रस्त्यावर तगत नाही, आणि प्राण्याला उपाशी मरायला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आधी नातेवाईक, मित्र, सोसायटीतली प्राणी पाळणारी मंडळी, तुमचे पशुवैद्य यांना विचारा. नवीन घरी आधी एकदोनदा नेऊन आणा. लसीकरणाचं कार्ड, नेहमीचं खाणं, बिछाना आणि सवयींची यादी सोबत द्या.

प्राणी गेल्यावर पुढच्याच आठवड्यात बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. मांजराचं प्रथिन घरातून उतरायला चार ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्या काळात औषध बंद करू नका, आणि भिंती, पडदे, गाद्या, कपाटांचे माथे एकदा पूर्ण धुऊन-पुसून काढा.